मावळचा पाऊस, उघड्या टपाची मोटार आणि आमचा हिशेब

आमचा धंदा कापडाचा. लोणावळ्याच्या बाजारात दुकान आणि कामशेतला गोदाम, एवढाच पसारा. मोटारीच्या कामात आम्ही जाणकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरीही आज या पानावर मोटारीविषयी लिहायला बसलो आहोत. कारण गेल्या अडीच-तीन वर्षांत घरच्या एका जुन्या गाडीने आम्हाला कापड, शिलाई, गंज, कारागिराची मजुरी आणि सरकारी कागद या पाचही बाबतींत नवा धडा दिला. आमच्या वाचकांत फिटर आहेत, टिंकर आहेत, सीट-कव्हर शिवणारे आहेत, रेक्झिन-ताडपत्रीचे व्यापारीही आहेत. हा तजुर्बा त्यांच्या उपयोगी पडावा, एवढाच हेतू.

गाडी आहे ट्रायम्फ स्पिटफायर. दोन माणसांची, उघड्या टपाची, इंग्लंडच्या कॉव्हेन्ट्री शहरात बनलेली. हे मॉडेल १९६२ साली बाजारात आले आणि १९८० साली बंद झाले. तेवढ्या काळात तीन लाखांवर गाड्या विकल्या गेल्या. आमची १९६८ सालची, १२९६ सीसी इंजिनाची. तरुण वाचकांना हे नाव परके वाटेल, पण पन्नाशी-साठीच्या फिटरला 'स्टँडर्ड हेराल्ड' म्हटले की लगेच ओळख पटेल. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ ते १९७१ या काळात आपल्या देशात जी हेराल्ड बनवली, तिचीच ही धाकटी बहीण. दोघींचा आराखडा मिकेलोत्ती या एकाच इटालियन माणसाचा. पुढच्या चाकांची बांधणीही दोघींची जवळजवळ एकच.

ही गाडी आमच्या घरी कशी आली, ते थोडक्यात सांगतो. मुंबईतल्या एका परदेशी वकिलातीच्या अधिकाऱ्याने ती आणली होती. तो मायदेशी परतताना गाडी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली गेली आणि गिरणीतल्या एका मोठ्या साहेबांनी घेतली. साहेबांचा खंडाळ्याला बंगला होता आणि गाडीचे सारे काम आमच्या मामूंच्या गॅरेजात होई. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला. पुढे साहेबांचा बंगला विकला गेला. गॅरेजचे बिल थकले होते. त्या बिलापोटी साहेबांनी गाडी आणि तिचे सगळे कागद मामूंच्या हवाली केले. आम्ही तेव्हा उर्दू शाळेत होतो. शाळा सुटली की गॅरेजात जाऊन मामूंच्या हाताखाली पाने देणे, हा आमचा खेळ.

मामू वारले तेव्हा गॅरेज बंद झाले आणि गाडी आमच्या कामशेतच्या गोदामात आली. मामूंना मूल नव्हते. त्यांच्या हाताची म्हणून उरलेली ही एवढीच वस्तू.

गोदामाच्या दारात पडलेले चाक

२०२३ साली मे महिन्याच्या शेवटी थोरल्या मुलाला शेजारी बसवून आम्ही ही गाडी घेऊन लायन्स पॉइंटला गेलो. येताना आयएनएस शिवाजीपाशी उतार लागतो, पुढे बाजारातली गर्दी, मग जुना हमरस्ता. काही त्रास झाला नाही. गोदामाच्या दारात गाडी वळवताना मात्र 'खट्' असा आवाज झाला आणि पुढचे डावे चाक आडवे पडले. गाडी माणसाच्या चालीने चालली होती, म्हणून कोणाला खरचटलेही नाही. हेच अर्ध्या तासापूर्वी उतारावर झाले असते तर आज हा लेख लिहायला आम्ही नसतो.

चूक कोणाची? आमचीच. पुढच्या चाकाचा उभा पोलादी खांब खालच्या टोकाला एका पितळी तुकड्यात आट्यांवर बसलेला असतो. फिटर त्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग फिरवले की खांब त्या आट्यांत फिरतो. तेथे गिअरबॉक्सचे नव्वद नंबरचे ऑइल घालायचे असते, ग्रीस नव्हे. ग्रीस घट्ट असल्यामुळे आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही. तळाशी पाणी साचते, पोलाद गंजते, झिजते आणि एके दिवशी तुटते. मामू ऑइल घालीत. आम्ही मात्र ग्रीसगन घेऊन वर्षानुवर्षे ग्रीसच भरत राहिलो आणि मनाशी समजत राहिलो की आपण गाडीची निगा राखतो आहोत.

त्या रात्री घरात बैठक झाली. थोरला म्हणाला, "अब्बा, ही गाडी आता घरात नको. उद्या कोणाचा जीव जाईल." भाईजान गप्प राहिले. चार दिवसांनी मुंबईचा जुन्या गाड्यांचा एक दलाल येऊन गेला. आहे त्या अवस्थेत दीड लाख रुपये देतो म्हणाला. एक्स्प्रेस-वे २००२ साली पूर्ण झाल्यापासून आमच्या दुकानावर वाटसरू गिऱ्हाईक फारसे राहिलेले नाही. दीड लाखाचा माल भरला असता तर दुकानाला आधार झाला असता. तरी आम्ही मुलाकडे दोन पावसाळ्यांची मुदत मागितली. तेवढ्यात गाडी भरवशाची झाली नाही तर विकू, असा शब्द दिला.

लोखंड नंतर, आधी पाण्याचा रस्ता

मामूंचे एक बोलणे आम्हाला पाठ होते. "पैले पानी का रस्ता देखो, लोहा बाद में." लहानपणी त्याचा अर्थ कळला नव्हता.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुण्याला सातशेच्या आसपास. लोणावळा सोडून कामशेत, वडगाव, तळेगाव असे पूर्वेला जावे तसा पाऊस कमी होत जातो, पण दमटपणा सगळीकडेच. पत्र्याच्या गाडीला धो-धो पावसापेक्षा मारते ते आत शिरून अडकलेले पाणी. उघड्या टपाच्या गाडीत ते हमखास शिरते. म्हणून ते येणार, हे धरूनच त्याला बाहेर जायला वाट ठेवावी लागते.

हेराल्ड आणि स्पिटफायर या दोन बहिणींत येथे एक मोठा फरक आहे. दोघींना वेगळी चासी आहे. पण स्पिटफायरच्या दाराखाली पत्र्याचा जो पोकळ पट्टा असतो, तो नुसता शोभेचा नाही. गाडीचा अर्धा जोर त्या पट्ट्यावर असतो. तो कुजला की गाडी मधोमध वाकते. ओळखायची खूण सोपी आहे. दार लावा आणि दाराच्या मागच्या बाजूची फट पाहा. वर अरुंद आणि खाली रुंद दिसली तर गाडी वाकू लागली आहे. गाडी विकत घेणाऱ्याने रंगाची चकाकी पाहण्याआधी ही फट पाहावी.

आमच्या गाडीच्या पट्ट्याखाली पाणी निघायची भोके होती. मागे एकदा रंग दिला तेव्हा लांबी आणि रंगाने ती बुजली. आम्ही खिळा घालून मोकळी केली तर पेलाभर तांबडे पाणी आणि पत्र्याचे पापुद्रे बाहेर आले. दोन्ही पट्टे बदलावे लागले. आमच्या टिंकरने येथे एक शहाणपण दाखवले, ते सगळ्या टिंकरांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जुना पत्रा कापण्याआधी त्याने दाराच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या आडव्या वेल्ड करून चौकट घट्ट बांधून घेतली. तसे न करता पट्टा कापला तर गाडी खाली बसते, नवा पट्टा वाकड्या मापात बसतो आणि मग दार कधीच नीट लागत नाही. नवा पट्टा बसल्यावर आतून रेड ऑक्साइड, त्यावर पातळ केलेले मेण फवारले आणि तळाची भोके उघडी ठेवली.

पायाखाली गालिचा आणि त्याखाली जाड फेल्ट होते. फेल्ट पाणी शोषते आणि आठ-आठ दिवस धरून ठेवते, हे कापडवाल्याला सांगायला नको. ते काढून सुटी रबरी मॅट टाकली. आता दर रविवारी मॅट उचलून खालचा पत्रा हाताने चाचपतो.

गाडी झाकण्यातही आमची चूक होत होती. आम्ही प्लॅस्टिकची ताडपत्री पार जमिनीपर्यंत गुंडाळून बांधत होतो. जमिनीची वाफ आत कोंडायची आणि सकाळी सारा पत्रा ओला. आपल्या मावळात भात लावणाऱ्या बायका पूर्वी पाठीवर इरले घेत. पाणी वरून ओघळून जाई आणि खालून वारा खेळता राही. गाडीलाही तसेच हवे. वर पत्र्याचे छप्पर आहेच, म्हणून आता गाडीवर पातळ सुती चादर टाकतो, चारही बाजू जमिनीपासून हातभर वर ठेवतो आणि गाडीखाली कोबा करून घेतला आहे.

टपाचे कापड : आमच्याच धंद्यात आम्ही फसलो

मुळात या गाडीला रेक्झिनसारख्या व्हायनलचा टप होता. पन्नास वर्षांत तो घड्यांवर तडकला होता. आम्ही म्हटले, कापड तर घरचेच आहे. गोदामातले जाड सुती कॅनव्हास काढले आणि लोणावळ्यातल्या एका जुन्या उस्तादांकडे शिवायला दिले. उस्ताद पूर्वी रिक्षांचे आणि जीपचे हूड शिवीत. हल्ली तयार माल येत असल्यामुळे त्यांचे मशीन आठवड्यातून तीन दिवस बंदच असे.

उस्तादांनी कापड हातात घेतले, चिमटीत चोळले आणि म्हणाले, "शेठ, हे बैलगाडीला चांगले. मोटारीला नको." आम्ही ऐकले नाही. पहिल्याच पावसात ते कॅनव्हास भिजून आटले. पुढच्या काचेच्या चौकटीवरची बटणे बोटभर मागे राहिली. ऑगस्टपर्यंत आतून काळी बुरशी धरली. कापडवाल्याने कापडात खाल्लेला हा मार आम्ही लपवत नाही.

मग नीट चौकशी केली. उघड्या गाड्यांच्या टपासाठी तीन थरांचे कापड मिळते. वर अ‍ॅक्रिलिक, मध्ये रबराचा पातळ थर आणि आत अस्तर. यातल्या अ‍ॅक्रिलिकचे गुपित रंगात आहे. साधे कापड विणून झाल्यावर रंगवतात, त्यामुळे रंग वरवर बसतो. हे सूत कातण्याच्या आधीच, रसायन पातळ असताना रंगवलेले असते. धागा कापला तरी आत तोच रंग. म्हणून ते उन्हात लवकर विटत नाही. दुकानाच्या चांदण्या आणि हॉटेलांच्या छत्र्या शिवणाऱ्या आमच्या वाचकांनीही हा फरक विचारूनच माल घ्यावा. दर जास्त आहे, पण दर दोन वर्षांनी शिलाई पुन्हा द्यावी लागत नाही.

व्हायनल अगदीच टाकाऊ नाही. धुवायला सोपे आणि स्वस्त असते. पण ते थंडीत आखडते आणि घडीवर तडकते. म्हणून व्हायनलचा टप बसवायचा तर उन्हाच्या दिवशी, कापड तासभर उन्हात मऊ करूनच बसवावा.

शिलाईत उस्तादांनी जे केले ते क्रमाने देतो.

जुना टप फेकला नाही. टाके उसवून प्रत्येक तुकड्यावर खडूने डावा-उजवा, वर-खाली लिहिले आणि त्यावरून कागदी खाका कापला. मात्र जुना टप ताणलेला असतो, म्हणून खाका गाडीच्या सांगाड्यावर ठेवून पुन्हा ताडून पाहिला.

सांगाड्याचे नवारीचे पट्टे आधी बदलले. पट्टे सैल असतील तर नवा टपही झोळीसारखा पडतो आणि मधे पाणी साचते.

कापड उभ्या धाग्यावर कापले. तिरपे कापलेले कापड वाऱ्याने ताणले जाते.

जोड कौलांसारखे ठेवले. वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर, म्हणजे ओघळणारे पाणी जोडात शिरत नाही.

धागा पॉलिएस्टरचा घेतला. सुती धागा पाण्याने फुगतो आणि सुईचे भोक बुजवतो, हे खरे, पण दोन-तीन पावसाळ्यांत कुजतो. पॉलिएस्टर कुजत नाही, पण भोक मात्र उघडे राहते. त्यावर उपाय म्हणजे सुई शक्य तितकी बारीक, इंचाला सहा-सात टाके, आणि शिवणीवर आतून पट्टी चिकटवून बाहेरून मेण घासणे.

मागची खिडकी पातळ पारदर्शक प्लॅस्टिकची आहे. टप खाली करताना तिच्या घडीत मऊ सुती फडके ठेवायचे. गारठ्यात ती कधीही दुमडायची नाही. कोरड्या फडक्याने पुसायची नाही, भरपूर पाण्याने धुवायची. आणि सर्वात मोठा नियम हा की ओला टप कधीही घडी करून ठेवायचा नाही. ओली साडी घडी करून कपाटात ठेवली तर काय होते, ते आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मूळ व्हायनलचा टप आम्ही जमेल तसा पुन्हा जोडला आणि घडी न करता बांबूवर गुंडाळून ठेवला. त्याचे कारण पुढे कागदपत्रांच्या भागात येईल.

घरी होणारी कामे आणि फिटरची कामे

या गाडीचे तोंड, म्हणजे बॉनेट आणि दोन्ही मडगार्ड मिळून, एका तुकड्यात पुढे उलटते. माणूस चाकावर बसून इंजिनापर्यंत हात घालू शकतो. म्हणून घरी काम करायला ही गाडी सोयीची. तरी एक ध्यानात ठेवावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. लोखंडी घोड्या लावाव्यात.

ट्रनियनचे सामान आम्ही इंग्लंडहून मागवले. तिकडे या गाडीचे सुटे भाग अजून नवे बनतात. डाव्या आणि उजव्या बाजूच्या आट्या उलट-सुलट असतात, हे मागवताना पाहावे लागते. बसवणे मात्र जाणत्या फिटरकडूनच. त्यानंतर ऑइल घालणे घरचे काम. वरून ऑइल डोकावेपर्यंत नव्वद नंबर घालायचे. आम्ही पावसाळ्याच्या आधी, पावसाळ्यात एकदा आणि नंतर एकदा घालतो. ज्यांच्याकडे अजून हेराल्ड उभी आहे त्यांनाही हेच लागू.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. त्यात पाणी मिसळले की घाटात ब्रेक तापल्यावर त्याची वाफ होते आणि पेडल पोकळ जाते. लोणावळ्यासारख्या गावी ते दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे.

पेट्रोलची गोष्ट नवी आहे. आपल्या देशात शिसे घातलेले पेट्रोल २००० सालीच बंद झाले. जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या बैठकीला ते शिसे संरक्षण देत असे. म्हणून हेड उतरवले तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली कडक पोलादाच्या रिंगा बसवून घेतल्या. आता २०२५पासून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते जुने रबर फुगवते आणि पाणी धरते. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या जातीचे घातले. पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवत नाही.

सुधारणा म्हणून तीन गोष्टी केल्या. खोपोलीकडून घाट चढताना रेडिएटर उकळे, म्हणून तो साफ करून विजेवर चालणारा पंखा लावला. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट दमट हवेत काळे पडत, म्हणून त्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले. हेडलाइटला रिले जोडले, त्यामुळे जुन्या स्विचवरचा भार गेला आणि उजेड वाढला. तिन्ही कामे अशी केली की चार बोल्ट काढले की गाडी मूळ अवस्थेत यावी. निघालेला प्रत्येक भाग ऑइल लावून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवला.

एक धोका कोणत्याही पान्याने जात नाही. या गाडीच्या मागच्या चाकांची जुनी बांधणी अशी आहे की जोरात वळण घेताना अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला तर मागचे चाक आत दुमडते आणि गाडीची शेपटी फिरते. वळणाच्या आधी वेग कमी करावा आणि वळणात पाय स्थिर ठेवावा. मुलाला गाडी हातात देण्याआधी आम्ही हे रिकाम्या मैदानात दाखवले.

कागद : ऐंशी हजार की वीस हजार?

गाडी रस्त्यावर आली तोच नोंदणीची मुदत संपत आली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नूतनीकरणाचे शुल्क वाढवले. साध्या मोटारीला दहा हजार, पण परदेशातून आणलेल्या चारचाकीला ऐंशी हजार रुपये. आमचा सारा हिशेब तेथेच कोलमडला.

मग पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयात येणे-जाणे असलेल्या एका जाणकाराने दुसरा रस्ता दाखवला. जुलै २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे, पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण अटी दोन आहेत. गाडीची चासी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असले पाहिजे, त्यात मोठा बदल चालत नाही. आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची.

आता कळले असेल की जुना टप बांबूवर का गुंडाळला आणि पॉइंट चिठ्ठी बांधून का ठेवले. ज्यांनी हौसेने जुन्या गाडीत दुसऱ्याच कंपनीचे इंजिन बसवले किंवा चासी कापून आखूड केली, त्यांना ही वाट बंद होऊ शकते. गाडी सुधारावी, पण परत फिरता येईल एवढीच.

परदेशी गाडीला आयातीचा मूळ कागद लागतो. तो मिळाला मामूंच्या पत्र्याच्या पेटीत, मेणकापडात बांधलेला. साहेबांनी दिलेला प्रत्येक कागद मामूंनी तसाच जपला होता. दोन पिढ्यांनी गाडीचे ऑइल विसरून चालले नाही, तसा हा कागद हरवून चालला नसता.

थोरल्याने विचारले, "मग लायन्स पॉइंटला पुन्हा जायचे नाही?" आम्ही सांगितले, "रोजच्या हौसेसाठी नाही." त्याला वाईट वाटले. आम्हालाही वाटले. पण ऐंशी हजार भरून मन मानेल तसे फिरायचे, की वीस हजारांत गाडी नियमाने राखायची, यात दुकानदाराला दुसरा कौल देता येत नाही. अर्ज व्हिंटेजसाठी केला आहे. तपासणी व्हायची आहे. तोवर गाडी गोदामात आहे आणि आठवड्यातून एकदा अंगणात चालू करतो. विकायची गोष्ट मात्र आता थोरलाच काढत नाही.

जमाखर्च

आमच्या पानाची रीत म्हणून पुरा हिशेब देतो. टपाचे कापड, नवार, रबर मिळून १६,५०० रुपये. उस्तादांची मजुरी १२,०००. पट्ट्यांचे टिंकर काम २८,०००. इंग्लंडहून आलेले चाकाचे सामान, जकातीसह ३१,०००. ब्रेक, पेट्रोलचे पाइप आणि हेडचे काम ९,५००. पंखा, इग्निशन, रिले ११,०००. एकूण १,०८,००० रुपये, अडीच वर्षांत. गोदामातल्या सुती कॅनव्हासचा तोटा यात धरलेला नाही, तो आमच्या हट्टाच्या खात्यावर.

यातला एक आकडा पुन्हा पाहा. चाकाच्या सामानाला एकतीस हजार गेले. जे ऑइल वेळेवर घातले असते तर ही वेळ आली नसती, त्या ऑइलचा डबा पाचशे रुपयांच्या आत येतो. आणि मुलगा शेजारी बसला होता, त्याची किंमत कोणत्या खात्यात लिहायची?

दुसरी गोष्ट कारागिरांसाठी. आमचा टप पाहून उस्तादांकडे तीन जीपचे हूड आणि एका हॉटेलच्या चांदणीचे काम आले. लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांत, पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांकडे जुन्या गाड्या उभ्या आहेत. त्यांना सुटे भाग परदेशातून मिळतात, पण टप शिवणारा, पट्टा न वाकवता पत्रा बदलणारा आणि ऑइल कुठे आणि ग्रीस कुठे हे जाणणारा माणूस पार्सलने येत नाही. ज्यांच्या हातात हा हुनर आहे त्यांनी तो पोरांना शिकवावा, केलेल्या कामाचे फोटो ठेवावेत आणि मजुरी चोख सांगावी. उस्तादांनी आमच्याकडे मागितले त्याहून दोन हजार जास्त आम्ही दिले, कारण पहिल्या दिवशी त्यांनी खरे सांगितले होते आणि आम्ही ऐकले नव्हते.

घरात जुनी गाडी असेल त्यांनी मे महिना संपण्याआधी चार कामे करावीत. दाराखालची भोके खिळ्याने मोकळी करावीत. टपाच्या शिवणीवर मेण घासावे. ब्रेक ऑइलची तारीख पाहावी. आणि कोणत्या जागी ग्रीस चालते व कोणत्या जागी ऑइलच लागते, हे जुन्या फिटरला विचारून गोदामाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. आमच्या भिंतीवर ते थोरल्याने लिहिले आहे.